इज्जत कुणाची, किंमत कुणाची?

"दादा, तू ये. आणि येताना मेडलं लावलेला कोट घेऊन ये."

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला धाकट्या भावाचा फोन आला तो असा. मुलाच्या नोकरीमुळे मी सध्या गुरुग्रामला राहतो. आमचं गाव सातारा जिल्ह्यात आहे, नाव लिहीत नाही. पुतणीनं घरात सांगितलं होतं की बरोबर शिकलेल्या एका मुलाशी ती लग्न करणार आहे. मुलगा नोकरीला, निर्व्यसनी, घरचे लोक बरे. जात तेवढी वेगळी. भावकीची बैठक ठरली होती आणि पोरीला 'समजावून सांगायला' निवृत्त सुभेदार हवा होता.

"अठ्ठावीस वर्षं तू इज्जतीसाठीच काढलीस ना फौजेत? मग घरच्या इज्जतीला पण उभा राहा की," भाऊ म्हणाला.

फोन ठेवला आणि झोप उडाली. पोरीनं काही गैर केलंय असं मला क्षणभरही वाटलं नाही. झोप उडाली ती भावाच्या त्या वाक्यानं. त्यानं फौजेतली इज्जत आणि भावकीतली इज्जत एकाच तराजूत टाकली होती. तो एकटा असं करत नाही. आपण माजी सैनिक स्वतःच वर्षानुवर्षं हा घोटाळा चालू देतो, कारण तो आपल्या फायद्याचा असतो. सत्यनारायणाच्या पूजेला पहिला नारळ आपल्या हातात येतो, बैठकीत खुर्ची मिळते. म्हणून आज पोस्टिंगच्या गमती बाजूला ठेवून जरा कडू लिहिणार आहे. ज्यांना लागेल त्यांनी लागून घ्यावं, कारण मलाही लागलेलं आहे.

आधी शब्द पाहू. आपल्या मराठीत या एका गोष्टीला किती नावं आहेत! इज्जत, अब्रू, इभ्रत, मान, पत, प्रतिष्ठा. अब्रू हा फारसी आबरू. आब म्हणजे पाणी, तेज. रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी. म्हणूनच थेंबाने गेली ती हौदाने येत नाही, असं आपण म्हणतो. पत म्हणजे बाजारातला विश्वास. पतपेढीतली पत तीच. आणि मान म्हणजे आदरही आणि गळ्यावरची मानही. मान ताठ, मान खाली, दोन्ही त्यातच आलं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या ब्रीदात कर्तव्य, मान, साहस असे तीन शब्द आहेत. त्यातला मधला शब्द हाच. पण लग्नाच्या मांडवात 'मानपान' म्हणतात तेव्हाही शब्द तोच असतो आणि अर्थ असतो व्याह्याकडून उकळायची शाल, भांडी आणि कडवट बोलणी. एकाच भाषेत, एकाच गावात एका शब्दाच्या पोटात इतक्या वेगवेगळ्या वस्तू असतील, तर देशभर काय असेल?

काय असतं ते मी थोडंफार पाहिलं आहे.

हरियाणापासून सुरुवात करतो, कारण सध्या तिथेच आहे. सकाळी बागेत फिरताना जाट रेजिमेंटचे एक निवृत्त सुभेदार सोबत असतात. माणूस सोन्यासारखा. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त द्यायला त्यांच्या घरातली दोन पोरं न बोलावता हजर होती. त्यांच्याकडून मी इज्जतीचा एक अर्थ शिकलो. त्यांच्या गावची मुलगी ज्या गावात दिली असेल, तिथे त्यांच्या पिढीतले जुने लोक पाणीसुद्धा पीत नाहीत. लेकीच्या सासरी घ्यायचं नाही, द्यायचं, हा नियम. कामानिमित्त त्या गावात गेलं, तर आपल्या गावची जी जी लेक तिथे नांदते तिच्या हातावर रुपया ठेवून यायचं. मग ती कुठल्याही जातीची, कुठल्याही घरातली असो. गावची लेक ती आपली लेक. हे ऐकलं तेव्हा मला माझ्या गावाची थोडी लाज वाटली. आमच्याकडे शेजारच्या आळीतली मुलगी कुठे दिली हेही आम्हाला माहीत नसतं.

पण त्याच नियमाची दुसरी बाजू अशी, की गावातले सगळे भाऊबहीण असतील तर गावातल्या गावात किंवा एका गोत्रात दोघांनी लग्न करणं म्हणजे पाप. मग खाप बसते, बहिष्कार पडतो आणि कधी कधी प्रेतं कालव्यात सापडतात. एका सकाळी पेपरात अशीच बातमी होती. मी विचारलं, "सुभेदारसाब, हे काय?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गलत है. पर भाई, इज्जत चली गई तो बचा क्या?"

लेकीच्या हातावर रुपया ठेवणारा आणि हे वाक्य बोलणारा माणूस एकच. त्यांना राक्षस ठरवणं सोपं आहे आणि खोटं आहे.

आता मिझोराम. वैरेंगतेला आपलं जंगल युद्धाचं विद्यालय आहे, तिथे मी कोर्स केला आणि पुढे पलटणीबरोबर त्या राज्यात राहिलो. मिझो लोकांत एक शब्द आहे, 'त्लॉमङाइना'. मराठीत एका शब्दात तो येत नाही. स्वतःचं मागे ठेवून दुसऱ्याच्या कामाला धावायचं, त्याबद्दल काही मागायचं नाही आणि आपण केलं असं दाखवायचंही नाही, हे सगळं त्या शब्दात येतं. गावात मयत झालं की तरुणांची संघटना, यंग मिझो असोसिएशन, जी १९३५ पासून आहे, तिची पोरं खड्डा खणायला जातात आणि घरच्यांबरोबर रात्र जागवतात. बोलवावं लागत नाही. ऐझॉलहून सेलिंगच्या बाजूला जाताना रस्त्याकडेला मालक नसलेली दुकानं लागतात. भाजी, फळं मांडलेली, किंमत लिहिलेली, शेजारी पैशाचा डबा. घ्या आणि पैसे टाकून जा. आमच्या गाडीतला एक जवान म्हणाला, "साहेब, कोणी बघत नाहीये." मी म्हटलं, "म्हणूनच टाक." त्यानं टाकले, आणि सुटे नव्हते म्हणून दहा रुपये जास्तच टाकले.

एकदा पावसात दरड कोसळून आमची गाडी अडकली. खालच्या वस्तीतली पोरं रात्रभर फावडी मारत होती. पहाटे मी पैसे पुढे केले, तर त्यांच्यातल्या थोराड पोरानं हात मागे घेतले. रागावला नाही, पण चेहरा उतरला. त्याच्या हिशेबात मी त्याची इज्जत काढली होती! हे सगळं अशा भूमीत, जिथे १९६६ साली बंड झालं, ऐझॉलवर आपल्याच विमानांनी बॉम्ब टाकले, आणि पुढे गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेच्या छावण्यांत बसवली गेली. माझ्या अंगावरच्या वर्दीची तिथल्या म्हाताऱ्यांना आठवण काय असेल ते मला ठाऊक होतं. तरी फावडं मारणाऱ्या पोरानं आधी वर्दी पाहिली नाही, अडकलेली माणसं पाहिली. १९८६ चा करार टिकला, त्याला अनेक राजकीय कारणं आहेत. पण ज्या लोकांत न बघता पैसे टाकायची सवय आहे, त्यांच्यात दिलेला शब्द टिकतो यात मला नवल वाटत नाही.

तिथलं सगळं गोड होतं असं नाही. मैदानातून आलेल्या माणसाला ते 'वाई' म्हणतात आणि वाईला कधी कधी बाजारात ते जाणवूनही देतात. आपलेपणाची सीमा तिथेही असतेच.

नागालँडमध्ये तिसराच प्रकार. अंगामी आणि चाखेसांग गावांत पूर्वी मान मिळवायचा रस्ता म्हणजे मेजवानी. ज्याच्याकडे धान्य आणि मिथुन जनावरं साठली, त्यानं ती अख्ख्या गावाला खाऊ घालून संपवायची. एकदा नाही, पायरी पायरीनं, वाढत्या खर्चाच्या. मग त्याला खास शाल पांघरायचा, घराच्या छपरावर लाकडी शिंगं लावायचा, गावकऱ्यांकडून ओढून आणलेला मोठा दगड नावानं उभारायचा हक्क मिळे. कोठार भरलेला माणूस मोठा नाही, कोठार रिकामं केलेला मोठा. आपल्या साखर कारखान्यांच्या मुलखात हा नियम लावला तर किती पुढारी शाल पांघरतील, याचा हिशेब वाचकांनी करावा.

आणि त्याच नागा टेकड्यांत एकेकाळी मान मिळवायचा दुसरा रस्ता होता, तो म्हणजे शत्रूचं शिर कापून आणणं. ज्यानं आणलं त्याची शाल वेगळी, दागिने वेगळे. विसाव्या शतकात ती प्रथा संपली. नागा माणूस संपला का? त्याचा ताठा संपला का? कोहिमाच्या बाजारात एकदा जाऊन या, मग उत्तर द्या. शिर गेलं, शाल राहिली. त्यांनी त्यांच्या इज्जतीतला एक अर्थ फेकला आणि बाकीचे ठेवले.

इथे दोन प्रकारचे लोक माझ्याशी भांडायला उठतात.

पहिला, शहरातला शिकलेला. तो म्हणतो, "काका, प्रत्येक संस्कृतीची इज्जतीची कल्पना वेगळी. आपण कोण ठरवणार चूक की बरोबर?" हा ऐकायला फार नम्र वाटतो. पण त्याच्या या नम्रतेची झळ त्याला स्वतःला लागत नाही. ती लागते त्या गावातल्या पोरीला, जिच्या बाजूनं बोलायला कोणी उरत नाही. शिवाय संस्कृती म्हणजे एकमतानं बोलणारा माणूस नव्हे. हरियाणातली खाप ही संस्कृती, मग तिच्या विरोधात कोर्टात उभी राहिलेली हरियाणाचीच आई ही संस्कृती नाही का? खापेच्या पंचांना विचारायचं आणि त्या आईला विचारायचं नाही, हा कुठला आदर?

दुसरा, गावातला जाणता. तो म्हणतो, "इज्जतीचा धाक गेला की गाव उधळेल." याच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. लोक काय म्हणतील या भीतीनं अनेकजण दारू सोडतात, कर्ज फेडतात, म्हाताऱ्या आईला सांभाळतात. धाकाचा उपयोग असतो. पण मग धाक सगळ्यांना सारखा असू दे! भावकीतला एकजण बायकोला मारतो, दुसऱ्यानं विधवा वहिनीची जमीन लाटली, तिसरा सोसायटीचे पैसे खाऊन बसला. त्यांच्यासाठी बैठक कधी बसली? माझ्या आठवणीत एकदाही नाही. बैठक बसते ती एकवीस-बावीस वर्षांच्या पोरीसाठीच. तेव्हा मात्र गावाला अब्रू आठवते.

या दोघांना माझं उत्तर एकच आहे, आणि ते मला पुस्तकात नाही, पोस्टिंगवर सापडलं. इज्जतीची कल्पना कुठलीही असो, एक प्रश्न विचारायचा: हिची किंमत कोण देतो? मिझो पोरगा स्वतःची झोप देतो. नागा म्हातारा स्वतःचं धान्य देतो. हरियाणाचा सुभेदार स्वतःच्या खिशातला रुपया देतो आणि तहान सोसतो. तिन्ही ठिकाणी इज्जत ज्याची, किंमतही त्याचीच. पण कालव्यात सापडलेल्या पोरीच्या बाबतीत इज्जत बापाची, काकाची, पंचांची. आणि किंमत दिली तिनं. शिर कापण्याचंही तसंच, मान कापणाऱ्याचा आणि मान गेली दुसऱ्याची. रीतिरिवाज प्रांतागणिक बदलतील, बदलू देत. हा प्रश्न मात्र वैरेंगतेपासून साताऱ्यापर्यंत कुठेही विचारता येतो.

आता फौजेकडे येतो, कारण भावानं दाखला फौजेचा दिला होता.

देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीचं उद्घाटन डिसेंबर १९३२ मध्ये झालं. तेव्हाचे सरसेनापती सर फिलिप चेटवुड यांनी केलेल्या भाषणातली तीन वाक्यं तिथल्या चेटवुड हॉलमध्ये कोरलेली आहेत. ऑफिसरांना ती पाठ असतात, आम्हा जेसीओंनाही माहीत असतात. पहिल्यात म्हटलंय, देशाची सुरक्षा, मान आणि कल्याण सर्वांत आधी. दुसऱ्यात, तुमच्या हाताखालच्या जवानांचा मान, कल्याण आणि सुखसोय त्यानंतर. तिसऱ्यात, तुमचा स्वतःचा आराम, सुख आणि सुरक्षा सर्वांत शेवटी. मी ही वाक्यं वीस वर्षं ऐकली आणि एक गोष्ट निवृत्तीनंतर लक्षात आली. मान हा शब्द पहिल्या वाक्यात आहे, दुसऱ्यात आहे. तिसऱ्यात नाही! देशाचा मान सांभाळ, जवानाचा मान सांभाळ. स्वतःच्या मानाचं नावच नाही. ते ज्यानं लिहिलं त्याच्या मनात काय होतं मला ठाऊक नाही. पण सैनिकाची इज्जत म्हणजे दुसऱ्याची इज्जत सांभाळणं, असाच मी त्याचा अर्थ लावतो.

इंग्रजाचं वाक्य नको असेल, तर महाराजांचं घ्या. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या आपल्या फौजेला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. कुणब्याकडचं धान्य, गवत, लाकूड, भाजी जबरदस्तीनं घेऊ नका, बाजारातून विकत आणा, नाहीतर रयतेला वाटेल की यापेक्षा मोगल बरे, असा त्याचा मजकूर. त्याच पत्रात इज्जत हा शब्द आला आहे. ज्याच्यामुळे बदनामी येईल त्याची इज्जत राहणार नाही, अशी सक्त ताकीद आहे. म्हणजे हातात तलवार असलेल्या शिपायाची इज्जत कशात? तर ज्याच्या हातात काही नाही त्या कुणब्याच्या भाजीच्या जुडीला हात न लावण्यात. बलवानाला घातलेला लगाम म्हणजे इज्जत. आम्ही मात्र तो लगाम काढून दुबळ्याच्या गळ्यात बांधला आणि वर जयजयकार महाराजांचाच करतो.

शिपाई नामदेव जाधव आठवा. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. कंपनीचं पार ओलांडणारं पथक जवळजवळ संपलं होतं. जाधवांनी आधी काय केलं? जखमी साहेबाला आणि दुसऱ्या जखमी जवानाला एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे पोचवलं. मग परत जाऊन एकट्यानं मशीनगन चौक्या उडवल्या. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपण सांगताना मशीनगनची गोष्ट आधी सांगतो. त्यांनी आधी माणसं उचलली.

कारगिल घ्या. १९९९ साली पाकिस्ताननं आपल्याच सैनिकांचे मृतदेह ओळखायला नकार दिला, तेव्हा आपल्या फौजेनं त्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे नमाज पढून मूठमाती दिली. टायगर हिलवर पाकिस्तानचा कॅप्टन कर्नल शेर खान ज्या हिमतीनं लढून पडला, ती पाहून आपल्या ब्रिगेडियर बाजवांनी त्याच्या शौर्याची चिठ्ठी मृतदेहासोबत पाठवली. पाकिस्ताननं त्याला त्यांचा सर्वोच्च निशान-ए-हैदर दिला. शत्रूची इज्जत सांभाळून आपली कमी झाली का? उलट त्या चिठ्ठीची गोष्ट सांगताना आजही आपली छाती फुगते.

आणि जुनी फौज चुकली तिथे फौजेनंच अर्थ बदलले. एकेकाळी इंग्रज ऑफिसर अपमान झाला की पिस्तूल घेऊन द्वंद्वाला उभे राहत. न राहणारा भित्रा. १८४४ मध्ये त्यांच्याच लष्करी कायद्यात बदल झाला आणि चूक झाली तर माफी मागणं हेच सभ्य माणसाला शोभतं, असं लिहिलं गेलं. फौज मोडली नाही.

पण मी फौजेची आरती ओवाळायला बसलेलो नाही. हा लेख लिहायचा हक्क मिळवायचा तर एक गोष्ट सांगावीच लागेल.

मी तेव्हा कंपनी हवालदार मेजर होतो. पलटण कुठली, जागा कुठली, ते सांगत नाही. वार्षिक तपासणी आठ दिवसांवर होती आणि स्टोअरच्या मोजणीत माल कमी भरला. कुणी नेला ते चार-पाच जणांना माहीत होतं. मलाही होतं. नेणारा जुना होता, खेळाडू होता, पलटणीचं नाव त्याच्यामुळे पेपरात आलेलं होतं. स्टोअरवर ड्यूटीला होता बिहारचा एक पोरगा, चार वर्षं सर्व्हिसचा. वरून कोणी लेखी हुकूम दिला नाही. फक्त एवढंच बोललं गेलं, की पलटणीच्या इज्जतीचा प्रश्न आहे, मिटवून टाका. मिटलं. त्या पोराच्या कागदावर लाल शाईची नोंद पडली. त्यानं माझ्याकडे पाहिलं होतं, कारण त्याला वाटलं सीएचएमसाहेब बोलतील. मी बूट बघत उभा राहिलो.

तपासणी उत्तम झाली. बडाखाना झाला. पलटणीची इज्जत राहिली. किंमत कोणी दिली? माझा प्रश्न मला तिथे विचारता आला असता. मी विचारला नाही. भावाचा फोन आल्यावर झोप उडाली ती त्या पोराच्या नजरेमुळे. मी एकदा इज्जतीच्या नावावर गप्प राहिलो आहे. तीस वर्षांनी लोक मला पुन्हा त्याच कामाला बोलावत होते, या वेळी मेडलं लावून.

'ऑनर किलिंग' हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांनी उचलला, त्याचाही मला राग आहे. मारणाऱ्यानं दिलेलं नाव आपण छापतो. चोराच्या घरफोडीला आपण 'संपत्तीप्रेम' म्हणतो का? आणि हे उत्तरेकडचं आहे असंही कुणी समजू नये. २०१३ च्या पहिल्याच दिवशी नगर जिल्ह्यात सोनईला तीन दलित तरुणांना मारलं गेलं, कारण त्यातल्या एकाचं वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीवर प्रेम होतं. २०१८ मध्ये नाशिकच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली. ज्ञानेश्वरांनी जिथे ज्ञानेश्वरी सांगितली, ते नेवासे याच तालुक्याचं गाव. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्येच सांगितलं होतं, की असल्या हत्यांत मानाचं काही नाही. २०१८ मध्ये पुन्हा सांगितलं, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात कुठल्याही पंचायतीनं, बैठकीनं आडवं येणं बेकायदा आहे. आपल्याच राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. कायदे आहेत. कमी आहे ती बैठकीत उठून बोलणाऱ्या माणसांची.

मी गावी गेलो. कोट नेला. बैठकीत बसलो. सगळ्यांचं ऐकून घेतलं, कारण दरबारात आधी ऐकायचं असतं. भाऊ बोलताना रडला. त्याची भीती खरी होती. धाकट्या मुलीचं लग्न कसं जमेल, भावकी पंगतीला बसेल की नाही, हे सगळं त्याच्या छातीवर होतं. त्याला मी वाईट माणूस म्हणणार नाही. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच विचारलं, "या पोरीनं कुणाचं काय नेलं? कुणाची जमीन, कुणाचा पैसा, कुणाचा शब्द?" कोणी बोललं नाही. मग एका चुलत्यानं म्हटलं, "सुभेदार, तुम्ही बाहेर राहिलात, तुम्हाला गावातलं कळत नाही." मी म्हटलं, "बाहेर राहिलो म्हणूनच कळतंय. मी पाच राज्यांतली इज्जत बघून आलोय. पोरीच्या जिवावर जगणारी इज्जत सगळीकडे सारखीच घाबरट असते."

बैठक तशीच उठली. दिवाळीनंतर विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी झाली. तीस दिवसांच्या नोटिशीत कुणी काही करेल म्हणून मी महिनाभर गावातच राहिलो. तीन साक्षीदार लागतात, त्यातला एक मी. कोट मी त्या दिवशी घातला, मेडलं लावून. सही करताना पुतणी म्हणाली, "तात्या, बाबा आले असते तर..." पुढे बोलली नाही. भाऊ आजही माझ्याशी बोलत नाही. आईच्या वर्षश्राद्धाला मी गेलो तेव्हा तो ओट्यावरून उठून आत गेला. हे लिहिताना मला आनंद होत नाही. माझ्या वाट्याची किंमत ही एवढी आहे, आणि ती पुतणीच्या किंवा त्या बिहारी पोराच्या किमतीपेक्षा फार कमी आहे.

आता माजी सैनिक बंधूंना सरळ विचारतो. गावात आपल्याला जो मान मिळतो तो आपण कमावलेला असला तरी पूर्ण आपला नाही. त्यात न परतलेल्यांचा वाटा आहे. भावकीनं तो मान एखाद्या पोरीला दाबायला उसना मागितला तर द्यायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? ज्या दिवशी तुम्हाला बोलावणं येईल, आणि ते येईलच, त्या दिवशी जा. घरी बसू नका, 'आपल्याला काय करायचंय' म्हणू नका. मी बूट बघत उभा राहिलो तसे राहू नका. जा, बसा, ऐका आणि विचारा, ही इज्जत कुणाची आणि किंमत कोण देतंय?

गुरुग्रामला परतल्यावर ही सगळी हकिकत मी बागेत त्या जाट सुभेदारसाहेबांना सांगितली. दोन फेऱ्या झाल्या तरी ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या फेरीला थांबून त्यांनी खिशातून शंभराची नोट काढली, वर एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि माझ्या हातात दिलं. "गाव जाओगे तो बिटिया को दे देना."

जय हिंद.